वाऱ्याची भीती रिकाम्या ट्रेलरला

उरण रस्त्यावर दोन ट्रेलर एकामागोमाग चालले आहेत असं समजा. दोन्हींवर चाळीस फुटी कंटेनर. एकात पंचवीस टन माल भरलेला, दुसरा 'एम्प्टी', एका यार्डातून दुसऱ्या यार्डात निघालेला. जून लागलाय, वारा सुटलाय. शेजारून गाडी हाकणाऱ्या आपल्याला धास्ती वाटते ती भरलेल्याची. एवढं धूड अंगावर आलं तर? वळणावर ही धास्ती रास्त आहे. सोसाट्याच्या वाऱ्यात मात्र गणित उलटं होतं. माल असला की गाडी रस्त्याला धरून चालते. रिकामी गाडी एका झोताबरोबर अर्धी लेन सरकते आणि चालक स्टिअरिंगशी झटत बसतो.

याच गणिताचं दुसरं टोक म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची कॅरव्हॅन. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून आपल्याकडेही या प्रकाराची चर्चा वाढली आहे. परदेशात सुट्टीवर गेलेले लोक तर असं चाकांवरचं घर भाड्याने घेऊन फिरतातच. कंटेनर लोखंडी, कॅरव्हॅन प्लाय आणि ॲल्युमिनियमची. पण वाऱ्याच्या लेखी दोन्ही एकच: उंच, सपाट बाजूंची, आतून पोकळ पेटी.

हवा हलकी, असं आपण म्हणतो. तरी एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं, आणि ती वेगाने पत्र्यावर थडकते तेव्हा तिचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ५० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण १२ किलोचा रेटा देतो, ताशी १०० किलोमीटरचा ४८ किलोचा. 'वारा थोडासाच वाढलाय' हा अंदाज इथेच फसतो. ५० वरून ७० वर गेलेला वारा कानाला फारसा वेगळा वाटत नाही, पण पत्र्यावरचा दाब तेवढ्यात जवळपास दुप्पट झालेला असतो.

आता पत्रा किती मोठा ते बघू. चाळीस फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब आणि २.५९ मीटर उंच असतो. म्हणजे त्याची एक बाजू साडेएकतीस चौरस मीटर, नवी मुंबईच्या हिशेबात ३४० चौरस फूट. 'हाय क्यूब' असेल तर आणखी फूटभर उंच. ताशी १०० किलोमीटरचा वारा या बाजूवर काटकोनात आला, तर समोरून रेटतो आणि पलीकडच्या बाजूला हवा विरळ होऊन तिकडूनही ओढतो. दोन्ही मिळून जोर पावणेदोन टनांच्या पुढे जातो.

तरी निव्वळ जोरावरून काही कळत नाही. तो कुठे लागतो आणि त्याला अडवायला काय आहे, हे बघावं लागतं. कंटेनरच्या बाजूचा मध्य रस्त्यापासून सुमारे पावणेतीन मीटर उंचीवर येतो, म्हणजे वाऱ्याच्या हातातली तरफ पावणेतीन मीटर लांब. गाडीला जमिनीवर टेकवून ठेवतं ते तिचं वजन, पण त्याची तरफ गाडीच्या मध्यापासून बाहेरच्या चाकापर्यंतचीच, जेमतेम सव्वा मीटर. रिकामा कंटेनर पावणेचार टनांचा, खालची चासी धरून सगळं दहा टनांच्या आत-बाहेर. ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वाऱ्यात हा ट्रेलर उलटत नाही, पण वाऱ्याकडच्या चाकांवरचा भार जवळपास निम्म्याने उतरलेला असतो. अशा वेळी एखादा खड्डा, पुलावरचा चढा सांधा किंवा कुणीतरी आडवा आला म्हणून दिलेला झटका, यांपैकी एकही पुरतो. पंचवीस टन माल असलेल्या ट्रेलरच्या चाकांवरचा भार त्याच वाऱ्यात सातव्या-आठव्या हिश्शापेक्षाही कमी उतरतो. त्याच्या चालकाला वारा जाणवतो, एवढंच.

हे सगळं एका आकड्यात पकडायचं असेल तर गाडीचं वजन भागिले तिच्या बाजूचं क्षेत्रफळ. वर घेतलेल्या उदाहरणात भरलेल्या ट्रेलरच्या पत्र्याच्या दर चौरस मीटरमागे अकराशे किलो उभे आहेत. रिकाम्याच्या मागे तीनशेच्या थोडे वर. आणि सहा मीटर लांब, बाराशे किलोच्या मध्यम कॅरव्हॅनच्या मागे? नव्वदच्या आसपास. ती रिकाम्या कंटेनरपेक्षाही तिपटीहून हलकी आहे. ताशी १०० किलोमीटरचा झोत बगलेत बसला, तर अशी कॅरव्हॅन एका बाजूच्या चाकांवर उभी राहण्याच्या बेताला येते. कॅरव्हॅनच्या जाहिरातीत वजन मोठ्या अक्षरात असतं, कारण ओढणाऱ्या गाडीला ते झेपायला हवं. बाजूचं क्षेत्रफळ मात्र ज्याचं त्याने काढायचं.

आतापर्यंत गाडी उभी आहे असं धरलं. चालत्या गाडीचं प्रकरण वेगळं आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. वारा बाजूने ताशी ६० किलोमीटरने येतोय आणि गाडी ८० ने चालली आहे. गाडीला लागणारी हवा मग नुसती बाजूची उरत नाही. समोरची ८० आणि बाजूची ६० यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या नियमाने होते: ६४०० अधिक ३६०० म्हणजे १००००, त्याचं वर्गमूळ १००. गाडीच्या अंगावर ताशी १०० किलोमीटरची तिरकी हवा येते. ६० आणि १०० यांच्या वर्गांची तुलना केली की दाब पावणेतीन पट निघतो. तो सगळाच्या सगळा बाजूवर पडत नाही, पण उंच पेटीच्या बाबतीत तिरक्या हवेचाही मोठा हिस्सा बाजूलाच ढकलतो. आता त्याच वाऱ्यात चालकाने वेग ४० वर आणला, तर तीच बेरीज ७२ वर येते आणि दाब ८० च्या वेगाला होता त्याच्या जवळपास निम्मा. वाऱ्याचा वेग कुणाच्या हातात नाही, पण गाडीवर येणाऱ्या जोराचा अर्धा भाग चालकाच्या उजव्या पायाखाली आहे. 'वादळात हळू चालवा' हा सल्ला ऐकला की वडीलधाऱ्यांचा काळजीचा सूर वाटतो. तो खरं तर पायथागोरसचा आहे.

दिशेचा मुद्दाही इथूनच येतो. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. वाशीचा खाडीपूल साधारण पश्चिम-पूर्व आहे, म्हणून मुंबईकडे जाताना हा वारा बराचसा समोरून लागतो आणि परतताना पाठीवर. डिझेल जास्त जाईल, तोल फारसा जाणार नाही. घोडबंदरच्या टोकाचा वरसाव्याचा पूल वसईच्या खाडीवरून उत्तरेकडे जातो. ती खाडी पश्चिमेला समुद्राला मिळते, त्यामुळे वाऱ्याला पाण्यावरून थेट आत यायला मोकळी वाट आहे आणि तो पुलावरच्या गाडीच्या नेमका बगलेत बसतो. ठाण्याहून गुजरातकडे निघालेला रिकामा ट्रेलर माजिवड्यापासून गायमुखपर्यंत इमारती आणि येऊरच्या डोंगराच्या आडोशाने आलेला असतो. पूल लागतो आणि आडोसा संपतो.

धोका असतो तो या 'संपण्या'चा. एकसारखा वारा असेल तर चालक स्टिअरिंग थोडं वाऱ्याकडे धरून ठेवतो आणि गाडी सरळ जाते. पण टॉवरमागून बाहेर आल्यावर, बोगद्याच्या तोंडाशी, मोठी बस ओलांडताना काय होतं? आडोशात वारा एकदम तुटतो, वाऱ्याकडे धरलेली गाडी त्या बाजूला धाव घेते, चालक ती सावरतो, तेवढ्यात आडोसा संपून वारा पुन्हा भिडतो. आता सावरणं आणि वारा, दोन्ही एकाच बाजूला. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. त्याच्या २१.८ किलोमीटरपैकी साडेसोळा किलोमीटर खाडीवर आहेत. शिवडीच्या बाजूला फ्लेमिंगोंसाठी आवाज अडवणारे पडदे लावलेले आहेत. तसे पडदे कुठेही असले, तरी ते जिथे संपतात ती जागा उंच गाडीच्या चालकाने डोक्यात ठेवावी अशी. पाम बीच रोडला पावसाळ्यात स्कूटर चालवणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही.

आता कंटेनर चासीवर टिकतो कशामुळे ते जवळून पाहा. कंटेनरच्या खालच्या चारही कोपऱ्यांत जाड ओतीव पोलादाचा ठोकळा असतो आणि त्याला तळाशी लांबट भोक. चासीवर त्याच जागी बोथट टोकाचा खुंट असतो. कंटेनर खाली उतरला की खुंट भोकातून वर जातो. मग बाजूचा दांडा फिरवायचा, की खुंटाचं डोकं आत काटकोनात वळून आडवं अडकतं. याला ट्विस्टलॉक म्हणतात, रस्त्यावर नुसतं 'लॉक'. खाऱ्या हवेत दांडे गंजतात. एखादा जाम होतो आणि हातोडी मारल्याशिवाय हलत नाही. घाई असते, मागे रांग असते, आणि 'एम्प्टीच तर आहे' म्हणून दोनच लॉक लावून, कधी एकही न लावता गाडी निघते. भरलेला कंटेनर नुसत्या वजनाने बसून राहील. पावणेचार टनांचा रिकामा डबा मात्र असा मोकळा राहिला, तर पूर्ण गाडी उलटवण्याची वाऱ्याला गरजच उरत नाही, तो डबाच उचकटतो. चार लॉक लावले की चासीचे पाच-सहा टन डब्याला जोडले जातात. रिकाम्या ट्रेलरकडे वाऱ्याविरुद्ध याहून स्वस्त उपाय नाही, आणि नेमका तोच टाळला जातो.

कॅरव्हॅनचं दुखणं उलटण्याच्या आधीच सुरू होतं. कंटेनरचा ट्रेलर पुढच्या इंजिनाच्या भागावर, हॉर्सवर, मागच्या चाकांच्या जवळपास डोक्यावरच टेकलेला असतो. कॅरव्हॅनचं तसं नाही. ती गाडीच्या मागच्या बंपरखाली, चाकांपासून मीटरभर मागे, एका गोळ्याला अडकवलेली असते. झोत आला की कॅरव्हॅनचं मागचं अंग बाजूला जातं आणि तिचं नाक गाडीची शेपटी उलट्या बाजूला ढकलतं. गाडी तिरकी होते, चालक ती सरळ करतो, तोवर कॅरव्हॅन दुसरीकडे झुकलेली असते. असा हेलकावा सुरू होतो. ठाणे स्टेशनवर लोकल पकडायला दोन चाकांची बॅग ओढत पळालेल्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल: चालताना गुणी असलेली बॅग पळायला लागलं की डावी-उजवी डुलते आणि शेवटी पालथी पडते.

कमी वेगात असा हेलकावा टायरांच्या घर्षणात आपोआप विरतो. वेग वाढत जातो तशी ही विरण्याची ताकद कमी होते, आणि एका वेगापलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो वेग कोणता हे सामान कसं भरलं यावर ठरतं. जड वस्तू मागे ठेवल्या तर तो खूप खाली येतो. म्हणून पाण्याचे कॅन, गॅसची टाकी, जनरेटर चाकांच्या आसपास, तळाशी आणि किंचित पुढे ठेवायचे, म्हणजे नाकाचा भार गोळ्यावर पडतो. अमेरिकेत हा भार कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. युरोपातल्या कॅरव्हॅनची बांधणी वेगळी, तिथे ५ ते ७ टक्के पुरतात. सायकली मागच्या दाराला टांगायची हौस दिसायला छान, पण ती नेमकी उलटी पडते.

आणि हेलकावा सुरू झालाच तर? हात आणि पाय दोघांनाही जे करावंसं वाटतं ते करायचं नाही. स्टिअरिंग डावी-उजवी मारली की आपण एक पाऊल मागे राहतो आणि हेलकाव्याला खतपाणी घालतो. करकचून ब्रेक मारला की पुढची गाडी थांबू लागते आणि मागची कॅरव्हॅन तिला ढकलत बाजूने पुढे येऊ बघते. स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, वेग आपसूक उतरू द्यायचा. कॅरव्हॅनला स्वतंत्र ब्रेक असेल आणि तो हाताने लावता येत असेल, तर तेवढाच हलका लावायचा, म्हणजे ती मागून ओढली जाऊन सरळ होते. वेग वाढवून 'ओढून सरळ करण्याचा' सल्लाही कुणीतरी देतोच. तो कानाआड करावा.

पावसाने यात भर पडते. ओल्या रस्त्यावर टायरांची पकड कोरड्याच्या मानाने बरीच कमी होते, आणि जी उरते तीच ब्रेक आणि बाजूचा रेटा यांच्यात वाटून द्यायची असते. रिकाम्या ट्रेलरच्या मागच्या चाकांवर आधीच भार कमी, त्यामुळे जोरात ब्रेक लागला की ती अडकून घसरतात. घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड जवळपास राहत नाही. मग उलटण्याएवढा वारा लागत नाही. मध्यम वाऱ्यातही ट्रेलरचं मागचं टोक शेजारच्या लेनमध्ये येतं.

त्या शेजारच्या लेनमध्ये आपण असतो. खडखडत, उसळत चाललेला कंटेनर बहुधा रिकामा असतो. अशा गाडीच्या वाऱ्याआडच्या बाजूने, म्हणजे ती ज्या बाजूला ढकलली जाईल त्या बाजूने, रेंगाळत चालू नये. दुचाकीवर तर नकोच. एक तर मागे राहावं, नाहीतर जागा मोकळी बघून पटकन निघून जावं.

वारा कधी वाढणार हे किती आधी कळतं? पावसाळी वाऱ्याचा अंदाज चांगला येतो. हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात 'ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ किलोमीटर' अशी भाषा असते. गाडीवाल्याने त्यातला दुसरा आकडा वाचावा, कारण पहिला सरासरीचा असतो आणि गाडी सरासरीने उलटत नाही. शिवाय वारा मोकळ्या जागी जमिनीपासून दहा मीटरवर मोजण्याची पद्धत आहे, त्याहून उंच पुलावर तो आणखी जास्त असू शकतो.

अवघड असतात ती मे महिन्यातली वळवाची वादळं. गडगडाटी ढगातून पाऊस पडताना त्यातलं पाणी वाटेत वाफ होतं, हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाऊस पोहोचायच्या आधीच हा वारा धूळ घेऊन येतो. १३ मे २०२४ ची दुपार ठाणे-नवी मुंबईकरांना आठवत असेल. घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला तो दिवस. पावसाळाही बेसावध पकडतो. ५ ऑगस्ट २०२० ला न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदराच्या धक्क्यावरच्या तीन अवाढव्य क्रेन वाऱ्याने आडव्या झाल्या. त्या दिवशी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा झोत नोंदला गेला होता. बेलापूरला मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वेने आपल्या काही मोठ्या पुलांवर वाऱ्याचे वेगमापक बसवले आहेत. वारा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तिथल्या गाड्या हळू करतात किंवा थांबवतात.

ट्रेलरवाल्याला झाडं बघून अंदाज घ्यावा लागतो, आणि ती युक्ती वाटते तेवढी कच्ची नाही. फ्रान्सिस बोफर्टने १८०५ मध्ये वाऱ्याची जी श्रेणी आखली तिची जमिनीवरची खूण हीच आहे. मोठ्या फांद्या हलताहेत आणि छत्री धरवत नाही: ताशी ४० ते ५०. अख्खं झाड डोलतंय, वाऱ्यासमोर चालायला जोर लागतोय: ५० ते ६०. डहाळ्या मोडून रस्त्यावर पडताहेत: ६० च्या वर. पहिल्या खुणेला कॅरव्हॅनने थांबण्याची जागा शोधायला लागावं. दुसरीला ती थांबलेली असावी आणि रिकाम्या ट्रेलरने वेग चाळीसवर आणलेला असावा. तिसरीला रिकामा ट्रेलरही पुलाच्या अलीकडे, होर्डिंग आणि झाडं टाळून, वाऱ्याकडे तोंड करून उभा असावा. समोरून बघितलं तर त्याचं क्षेत्रफळ बाजूच्या पाचव्या हिश्शाएवढंच भरतं.

उभ्या कॅरव्हॅनलाही हेच लागू. तोंड वाऱ्याकडे, पाण्याची टाकी भरलेली, कारण दोनशे लिटर म्हणजे तळाशी दोनशे किलो फुकटात. कोपऱ्यांतले टेकू डुगडुग थांबवण्यासाठी असतात, त्यांच्यावर वादळात भिस्त ठेवू नये. आणि बाजूला ताणलेला कापडी मांडव ढग काळे दिसताच गुंडाळावा. नाहीतर वळवाच्या पहिल्या झोतात कॅरव्हॅन जागेवर राहते आणि मांडव शेजारच्याच्या बोनेटवर सापडतो, दांड्यांसकट.